तेलाचं बोट

जेटच्या शॉपमधून उचलून रॉकेटच्या मैदानावर नेऊन सोडलेल्या माझ्या साथींनो,

तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. आपल्याला कोणी शिकवलं नाही. आणि आता माणूस गेल्यावर, शिकवलं होतं असं आपल्याच तोंडून वदवून घ्यायची तयारी चालली आहे.

फाटकाबाहेर स्टुलावर उभी राहून मी तुमच्यापुढे पुष्कळ बोलले. आज बोलत नाही, वाचायला देते. खालची पत्रं माझ्या घरातली आहेत. काही माझी, काही माझ्या धाकट्या भावाची, जो तुमचा चाचणीप्रमुख आहे, आणि एक माझ्या नवऱ्याचं. त्यांना तुम्ही सगळे मिस्त्री म्हणता, घरात मीही तेच म्हणते. घरचं धुणं चव्हाट्यावर आणलं म्हणून काही जण नाकं मुरडतील. मुरडू देत. ज्या धुण्यात दुसऱ्याच्या घरचा माणूस जळाला, ते माझ्या एकटीच्या घरचं राहत नाही.

पत्रं का, फोन का नाही? मैदानावर फोन नेता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शिवाय माझा भाऊ म्हणतो की फोनवर ताई भाषण करते. म्हणून लहानपणापासून आमचं भांडण कागदावर चालतं.

वाचा.

*

६ जानेवारी

ताई,

तुझं पत्र म्हणजे पत्र नव्हे, मोर्चा. उघडल्याबरोबर घोषणा ऐकू आल्या.

तू विचारतेस, जन्मभर विमानाची इंजिनं उघडलेल्या माणसांना मी रॉकेटच्या कामावर कसा घालतो. अगं, मालक तुमचं अर्धं शॉप बंदच करणार होते. मी भांडलो. म्हटलं, असे हात पुन्हा मिळायचे नाहीत, सगळे मला द्या. उपकार मानू नकोस, पण निदान शिव्या तरी देऊ नकोस.

आता तुझा फरकाचा प्रश्न. तुझं जेट इंजिन समोरून हवा ओढतं, पात्यांनी ती दाबतं, त्या दाबलेल्या हवेत इंधन जाळतं आणि गरम झोत मागे फेकतं. झोत मागे गेला की विमान पुढे. सगळं हवेच्या जिवावर. फार उंच गेलं की हवा विरळ होते आणि तुझ्या इंजिनाला धाप लागते. माझ्या इंजिनाला नाकच नाही. जळायला लागणारा ऑक्सिजन ते घरूनच टाकीत भरून घेतं, इतका गार केलेला की तो पाण्यासारखा वाहतो. म्हणून जिथे हवेचा कण नाही तिथेही ते चालतं. तुझं इंजिन वाटेत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मागून खाणारं, आणि माझं डबा घेऊन निघालेलं. हसलीस ना?

बाकी काय आहे? नळ्या, झडपा, पंप, जोड, बोल्ट. इंजिन ते इंजिन. बोल्ट आवळताना दाजींचा कान तिकडे असतो, आवाजावरून ते सांगतात की पुरे. त्या माणसाला मी काय शिकवणार?

प्रशिक्षण आठवडाभराचं ठरलं होतं, पण वेळापत्रक आवळलं गेलं. मग मीच तासभर बोललो. आकाश, अंतर, उद्याची माणसं, सगळं आलं. शेवटी टाळ्या पडल्या. घरात तू एकटीच वक्ता आहेस असं समजू नकोस.

तुझा,
धाकटा

*

१४ जानेवारी

धाकट्या,

टाळ्यांबद्दल अभिनंदन. टाळ्या मलाही पडतात, आणि त्यांचा मला तुझ्याहून जास्त अनुभव आहे. समोरच्याला काही समजलं म्हणून त्या पडतात असं नाही. बऱ्याचदा भाषण संपलं म्हणून पडतात. तुझ्या तासाभरात आकाश किती होतं आणि काम किती, तेवढं सांग.

डब्याची गंमत आवडली. पण एक फरक तू सांगितला नाहीस, तो मी सांगते. आमचं इंजिन परत येतं. हजारो तास आकाशात घासून येतं, आम्ही ते उघडतो, पाती तपासतो, झिजलेलं बदलतो आणि पुन्हा पाठवतो. काही इंजिनं तर आम्ही खोकल्यावरून ओळखतो. तुझं इंजिन काही मिनिटं जळतं आणि समुद्रात पडतं. त्याला कोणी उघडत नाही, बरं करत नाही.

मला भीती यंत्राची नाही. ज्या धंद्यात काहीच परत यायचं नसतं, तिथल्या साहेबांना माणूस परत पाठवायची सवय असते का, याची आहे. माझा नवरा मी तुला उसना दिला आहे. तो मला परत हवा आहे, सगळ्या सुट्या भागांसकट.

ताई

*

२ फेब्रुवारी

बाईसाहेब,

सभा, मोर्चे आणि निवेदनं यांतून सवड मिळाली तर हे वाचावं.

मला आणि भोंग्याला मिळून एक खोली आहे. दोन खाटा, एक खुंटी, आणि एक खिडकी जी लागत नाही. तक्रार केली तर भोंगा म्हणतो, "लागत नाही तेच बरं मिस्त्री, मी घोरायला लागलो की आवाज जायला जागा हवी." पहाटे तो उठला की तीन खोल्यांना गजर लावावा लागत नाही. शॉपमध्ये त्याला हे नाव ज्याने ठेवलं तो धन्य.

आम्हाला पांढरे डगले आणि टोप्या दिल्या आहेत. त्यात भोंगा न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसतो. जोडणीच्या खोलीत सगळे आपल्याच शॉपचे. इथली मुरलेली माणसं वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरपाशी असतात, खाली उतरत नाहीत. तुझा भाऊही काचेपलीकडे दिसतो. तो हात हलवतो, मी हात हलवतो. दोन पेट्यांतले दोन मासे.

पहिले काही दिवस सगळे बिचकून होते. परवा एका जोडाची गळती अडवणारी सील बसेना. नाजूक असते, कोरडी सरकवली की चिरते. डगले घालून आपल्या माणसांना हातातली साधी गोष्टही आठवेना. मी आपली कुपी काढली, सीलच्या कडेने तेलाचं बोट गोल फिरवलं, आणि मांजर उशीवर बसावी तशी ती बसली. भोंगा ओरडला, "अरे, मिस्त्री तेच आहेत, फक्त डगला नवा!" दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या खिशात कुपी. आता काम सुसाट चाललं आहे.

शेजारी एक अंधारी खोली आहे, तिला कुलूप असतं. विचारलं तर म्हणाले, सध्या बंद आहे. कशासाठी आहे ते कोणालाच सांगता येईना. तुझ्या भावाला विचारीन म्हणतो, पण तो काचेपलीकडे.

तब्येत सांभाळ. माईकच्या फार जवळ तोंड नेत जाऊ नकोस.

तुझा,
मिस्त्री

*

१३ फेब्रुवारी

मिस्त्री,

पत्र वाचून एकटीच हसले.

मी शॉपमध्ये नवी असताना एक सील कोरडीच दाबून बसवत होते. तुम्ही मागून आलात, माझ्या बोटांवर पान्याने टपली मारलीत आणि म्हणालात, "बाई, तिलाही कातडी आहे." मग तेलाचं बोट कसं फिरवायचं ते दाखवलंत. फार नको, फक्त चमक यावी इतकं. आईला मी काय काय कारणं सांगितली असतील, पण खरं सांगते, त्या टपलीवरच मी तुमच्याशी लग्न केलं.

त्या अंधाऱ्या खोलीचं मात्र विचारून घ्या. जिथे कुलूप असतं तिथे मला चैन पडत नाही, ठाऊक आहे ना?

तुमची,
बाईसाहेब

*

११ मार्च

ताई,

फोन केला, तू कामावर असशील. हे ड्रायव्हरच्या हाती देतो. त्याच्याच गाडीत बसून ये, कपडे घ्यायला थांबू नकोस.

दाजी जिवंत आहेत. हात फार भाजले आहेत. भोंगा गेला. गळती तपासायला ऑक्सिजन सोडत होते, झडप त्याने उघडली, आणि एका जोडापाशी आग झाली. दाजी त्याला ओढायला आत गेले.

फाटकावर कोणी काही विचारलं तर बोलू नकोस. हात जोडतो.

धाकटा

*

मी गेले. पुढचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून त्याचं वर्णन करत नाही. मिस्त्रींचे दोन्ही हात कोपरापर्यंत कापसात होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "भोंगा का बोलत नाही?"

त्यांना मी घरी आणलं. मग हे पत्र आलं.

*

२९ मार्च

ताई,

तुझा राग मला समजतो. म्हणून रागाचं काही लिहीत नाही, घडलं ते लिहितो.

आग तेलाने लागली. तो जोड दाजींचा होता, सीलला तेल होतं.

तू म्हणशील, तेलाने काय होतं? जेटमध्ये काही होत नाही. हवेत ऑक्सिजन जेमतेम पाचवा हिस्सा असतो. उरलेला जवळजवळ सगळा वायू ना जळतो ना जाळतो, नुसता मध्ये उभा राहतो, भांडणात पडणाऱ्या शहाण्या शेजाऱ्यासारखा. तो असतो म्हणून तुमच्या सीलवरचं तेल तुमच्या कामाचं. आमच्या नळीत तो शेजारीच नसतो. नुसता ऑक्सिजन, आणि त्यावर प्रचंड दाब. झडप झटकन उघडली की तो धावत जाऊन पुढच्या जोडावर आदळतो आणि दबून तापतो. तिथे तेलाचा पुसट थर असला तरी पुरतो, ठिणगी लागत नाही. तेल सीलला पेटवतं, सील धातूला, आणि त्या वायूत धातू कागदासारखा जळतो. आमच्याकडे जोडाला उघड्या बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. रॉकेटमधल्या कोणालाही ही पहिली गोष्ट ठाऊक असते.

चौकशी समिती बाहेरून येणार आहे. त्याआधी दाजींनी एक निवेदन द्यावं असं वरच्यांचं म्हणणं आहे. "सूचना दिलेल्या होत्या, सवयीने माझ्याकडून मोडल्या गेल्या," इतकंच. मग कंपनी त्यांच्यावर खटला भरणार नाही, हातांचे उपचारही चालू राहतील. नाही दिलं, तर हलगर्जीपणाने माणूस मारल्याचा ठपका येईल आणि मला काही करता येणार नाही. सही जमत नसेल तर अंगठा चालेल, मी विचारून ठेवलं आहे.

इकडे आता सगळं कडक केलं आहे. बंद करण्याआधी प्रत्येक जोड अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरतो. साध्या उजेडात न दिसणारं तेल त्या दिव्यात काजव्यासारखं चमकतं, नजरेतून सुटूच शकत नाही. नवा दिवा गेल्याच आठवड्यात आला. भोंग्याचं मरण वाया गेलं नाही, इतकं समाधान आहे.

धाकटा

*

४ एप्रिल

चाचणीप्रमुख साहेब,

धाकट्या म्हणायला आज हात धजत नाही.

तुझं पत्र मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. तो मध्ये उभा राहणारा शेजारी, ते दबून तापणं, सगळं. फार छान लिहितोस. हेच सगळं तू जानेवारीत का लिहिलं नाहीस? दहा-बारा ओळी आहेत. तासाभराच्या भाषणात दहा-बारा ओळींना जागा नव्हती? तुला फरक ठाऊक होता. तो मला डबा आणि शेजारी करून हसत हसत सांगितलास, आणि जो फरक माणूस मारतो तेवढाच नेमका गाळलास. कारण तो सांगितला असता तर इंजिन ते इंजिन हे वाक्य पडलं असतं, आणि त्या वाक्यावर तर तू माणसं नेली होतीस.

रॉकेटमधल्या कोणालाही ठाऊक असतं, म्हणतोस. ते रॉकेटमधले नव्हते रे! जेटमध्ये त्यांना तीस वर्षं बरोबर याच्या उलट शिकवलं होतं. सील कोरडी बसवली तर आमच्याकडे बोटांवर पाना पडतो. सवय मोडायची असेल तर आधी ती सवय आहे हे कोणीतरी बघायला हवं, आणि बघायला काचेच्या अलीकडे यायला हवं.

मिस्त्री दुपारी खुर्चीत बसलेले असतात. पट्ट्यांतलं उजवं बोट टेबलाच्या कडेवर गोल गोल फिरत असतं. त्यांना ते कळतही नाही. मी हात धरला की म्हणतात, "मीच." दुसरं काही बोलत नाहीत. तुझ्या निवेदनावर ते आजही सही करतील, एवढा त्यांचा स्वतःवर राग आहे. फक्त करायची कशाने? अंगठा चालेल म्हणतोस. अंगठ्याची कातडी तुझ्या मैदानावर राहिली.

आता एकच विचारते. दिवा गेल्या आठवड्यात आला, म्हणतोस. आला? म्हणजे आधी नव्हता? फेब्रुवारीत मिस्त्रींनी मला लिहिलं होतं, अंधाऱ्या खोलीला कुलूप आहे. ती खोली त्या दिव्याचीच होती का? ज्या दिव्याखाली तेल सुटूच शकत नाही, तो दिवा नसताना तू जोड बंद करू दिलेस का?

हो किंवा नाही. भाषण नको.

ताई

*

१२ एप्रिल

ताई,

तू शब्द पकडतेस. संघटनेत त्याला टाळ्या मिळत असतील.

हो. जुना दिवा डिसेंबरातच गेला होता. नवा मागवला होता, यायला उशीर झाला. चाचणीची तारीख पुढे ढकलता येत नव्हती, बाहेरचे पाहुणे यायचे होते. तपासणी डोळ्यांनी करा असं ठरलं. ते मी एकट्याने ठरवलं नाही, पण कागदावर नाव माझंच येणार. माझी नोकरी जाईल. कदाचित आतही जाईन. तुझ्या भाच्या अजून शाळेत आहेत. हे सगळं करून भोंगा परत येणार आहे का?

समितीपुढे मला विचारतील तेवढंच मी सांगेन. दिव्याचं कोणी विचारणार नाही, कारण तो दिवा असतो हेच बाहेरच्यांना ठाऊक नाही. तेल दाजींच्या हातचं होतं, हे मात्र खरं आहे की नाही? मग खऱ्यावर सही करायला काय हरकत आहे?

दाजींना मी आयुष्यभर अंतर देणार नाही. तू मला ओळखतेस. आईनंतर मला तूच वाढवलंस.

हे पत्र वाचून जाळून टाक.

धाकटा

*

२० एप्रिल

धाकट्या,

जाळायचं काम तुझ्या मैदानावर होतं, माझ्या घरात नाही.

तुला मी वाढवलं, म्हणूनच इतकं रोखठोक लिहिते. चंद्रावर जायला निघालेल्या माणसा, तुझ्याने काचेच्या अलीकडे येववलं नाही. तुझ्या इंजिनाला बाहेरच्या हवेची गरज नसते, हे तू मला फार अभिमानाने सांगितलं होतंस. तुझीही तीच गत झाली आहे. स्वतःचंच तेवढं बरोबर घेतोस, तेच जाळतोस, आणि पुढे जाताना खालचं गळून पडलं तर वळून बघायचं नसतं असं समजतोस. भोंगा गळला. आता मिस्त्री गळायचे आहेत.

दिव्याचं मिस्त्रींना सांगितलं. त्यांचं फिरणारं बोट थांबलं. मग म्हणाले, "दिवा असता तर भोंग्याने माझी चमकणारी सील सगळ्या खोलीला ओरडून दाखवली असती. मला आयुष्यभर चिडवलं असतं." आणि आगीनंतर पहिल्यांदा रडले. डोळे पुसायला हात नव्हते, मी पुसले.

खरं सांगायची वेळ अजून गेलेली नाही. समिती बसायच्या आत तू आपणहून उभा राहिलास, तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. भाच्या माझ्याकडे जेवतील, माझ्याकडे वाढतील, जसं तुला वाढवलं तशा. नाही उभा राहिलास, तर ही सगळी पत्रं मी साथींना वाचायला देईन.

ताई

*

या पत्राला उत्तर आलं नाही. म्हणून तुम्ही हे वाचता आहात.

माझा भाऊ दुष्ट नाही. दुष्ट असता तर माझं काम सोपं होतं. तो हुशार आहे, प्रेमळ आहे आणि घाबरलेला आहे. अशी माणसं वरून खाली एका ओळीत उभी केली की खाली कोणीतरी जळतो, आणि कोणीच त्याला पेटवलेलं नसतं. हे मी त्याच्याबद्दल लिहिते आहे, पण आता तुमच्याबद्दलही थोडं लिहायचं आहे, आणि ते तुम्हाला झोंबेल.

मी भोंग्याच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. आत त्याचा डबा धुऊन पालथा घातलेला दिसत होता. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही बोलता छान. पण माझ्याशी नका बोलू. तेल तुमच्या मिस्त्रींनी लावलं." मी म्हटलं, "दिवा नव्हता गं." ती म्हणाली, "मला दिवा ठाऊक नाही. बोट कोणाचं होतं ते ठाऊक आहे. बाकी कोणी लावलं होतं का? मग त्यांचे जोड कसे नाही पेटले?" आणि दार लावलं.

मी उत्तर न देता परत आले, कारण तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हतं.

नंतर तुमच्यापैकी एक जण मिस्त्रींना भेटायला आला. नाव सांगत नाही. फळं आणली होती, ती हातातच धरून बसला. मिस्त्रींचं बोट टेबलावर फिरताना बघत राहिला. निघताना जिन्यात मला म्हणाला, "वहिनी, आम्ही सगळेच लावत होतो. मिस्त्रींकडूनच शिकलोय ना. आगीनंतर आम्ही गुपचूप बाकीचे जोड उघडले आणि पुसले. माझ्या तीन जोडांना तेल होतं. ऑक्सिजन त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, आधीच आग झाली म्हणून." मी म्हटलं, "हे समितीपुढे सांगशील?" तो म्हणाला, "एकट्याने?" आणि जिना उतरून गेला.

हेच ते उत्तर. भोंग्याच्या बायकोचा प्रश्न बरोबर होता, फक्त तो तिने दारात उभ्या राहिलेल्या चुकीच्या बाईला विचारला. त्याचं उत्तर तुमच्या खिशांत होतं, कुप्यांच्या शेजारी.

तुम्ही जोड पुसलेत, त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावत नाही. मीही पुसले असते. पण तुम्ही जे पुसलंत ते नुसतं तेल नव्हतं. एका खोलीतल्या सगळ्या कुशल माणसांनी एकच गोष्ट केली, याचा अर्थ ती कोणा एकाची चूक नव्हती. त्यांना तसं करायला शिकवलं होतं, आणि नवं कोणी शिकवलं नव्हतं. जेव्हा सगळ्यांचे जोड पुसले गेले, तेव्हा जळलेला एकच उरला, आणि तो मिस्त्रींचा. कंपनीला याहून जास्त काही नको होतं.

एकट्याने, असं त्याने विचारलं. नाही, एकट्याने नाही. हवेचा एक पाचवा हिस्सा जाळतो, आणि उरलेला मध्ये उभा राहतो म्हणून आग आटोक्यात राहते. हे माझ्या भावानेच मला शिकवलं, उशिरा का होईना. मध्ये कोणीच उभं राहिलं नाही की काय होतं, ते तुम्ही पाहिलं आहे. तुम्ही पुष्कळ आहात. मिस्त्री एकटे आहेत, आणि ते स्वतःच्याच विरुद्ध आहेत. निवेदन समोर आलं तर ते पट्टीतलं बोट शाईत बुडवून टेकवतील. त्यांना मी भाषणाने थांबवू शकत नाही. तुम्ही एका वाक्याने थांबवू शकता.

समिती येत्या गुरुवारी सकाळी कॅन्टीनच्या वरच्या खोलीत बसणार आहे. माझा भाऊ तिथे असेल. त्याच्याकडे बघू नका. भोंग्याची बायको तिथे असेल, तिच्याकडे बघा. घोषणा नकोत, फलक नकोत, मीही जिन्याखालीच उभी राहीन, तोंड मिटून. ज्याच्या ज्याच्या खिशात कुपी होती, त्याने ओळीने वर जायचं, कुपी टेबलावर ठेवायची, आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं: "तेल मीही लावलं होतं."